कोच रायली, या वेळी पकड शिकवणारा माणूस आणा

प्रति,
हेड कोच लिंकन रायली आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जेनिफर कोहेन,
युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, लॉस एंजेलिस

मंगळवार, 21 नोव्हेंबर 2023

नमस्कार कोच, नमस्कार कोहेन मॅडम,

शनिवारी अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्याच शहरातल्या यूसीएलएने आपल्याच मैदानात, कोलिझियममध्ये येऊन आपल्याला 38-20 हरवलं आणि व्हिक्टरी बेल, या दोन टीममध्ये जिंकणाऱ्याला मिळणारी घंटा, घेऊन गेले, आता तिचा गाडा निळा रंगवला जाणार आणि ती वर्षभर त्यांच्याकडे राहणार. परवा थँक्सगिव्हिंग. ऑफिसातले निम्मे लोक सुट्टीवर गेलेत, जरा निवांतपणा आहे, आणि गेले दोन आठवडे मनात जे साठलंय ते लिहून टाकल्याशिवाय मला सण गोड लागणार नाही, म्हणून बसलेय लिहायला.

मराठीत लिहितेय कारण हा खेळ मला मराठीतच कळतो. इंग्रजीत मी दिवसभर ऑफिसचं काम करते, पण शनिवारी स्टँडमध्ये उभी असते तेव्हा तोंडातून "अरे धर त्याला, कंबर धर कंबर!" असंच निघतं. आणि मी काही एकटी नाही, पुण्यामुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून मास्टर्स करायला आपल्या युनिव्हर्सिटीत आलेली आणि मग या टीमच्या नादाला लागलेली कितीतरी मराठी मुलं-मुली आहेत, त्यांनीही हे वाचावं. ज्यांना या खेळातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की बॉल घेऊन पुढे जातो तो ऑफेन्स, त्याला अडवतो तो डिफेन्स, हेड कोच हा घरचा कर्ता, पण समोरच्या टीमला अडवायचं कसं, कोण कुठे उभा राहील, कोण कुणावर धावून जाईल हे सगळं ठरवणारा आणि शिकवणारा माणूस म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, सगळे त्याला डीसी म्हणतात. आपल्या डीसीला, अ‍ॅलेक्स ग्रिंच यांना, तुम्ही 5 नोव्हेंबरला काढलंत. नवीन माणूस अजून ठरलेला नाही. त्या माणसाबद्दलच बोलायचंय.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी कराडजवळच्या एका गावातली, शाळेत कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. 2008 च्या ऑगस्टमध्ये इथे शिकायला आले आणि 13 सप्टेंबरला रूममेटने ओढत कोलिझियमला नेलं, ओहायो स्टेटविरुद्ध मॅच होती. मला नियम शून्य माहीत होते. चार डाउन काय, दहा यार्ड काय, लोक मधेच का उठतात, मधेच का बसतात, काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळली, की समोरच्याच्या हातात बॉल आला रे आला की लाल जर्सीवाले चार-पाच जण एकदम त्याच्या अंगावर असायचे, एक जण पायाशी, एक कमरेला, बाकीचे पळायच्या वाटा बंद करत. मी रूममेटला म्हटलं, अगं ही तर साखळी आहे, ही कबड्डी आहे! रे माउअलुगाने समोरच्याने फेकलेला बॉल मधेच हिसकावून (इंटरसेप्शन) थेट एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेला तेव्हा मी अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. 35-3 जिंकलो. त्या सीझनला आपल्या डिफेन्सने मॅचला सरासरी फक्त 9 पॉइंट दिले, देशात सगळ्यात कमी. कुशिंग, क्ले मॅथ्यूज, टेलर मेज, माउअलुगा, ही नावं मला माझ्या वर्गातल्या मुलांच्या नावांच्या आधी पाठ झाली होती.

म्हणून या वर्षीचे आकडे बघितले की पोटात तुटतं. 12 मॅचमध्ये 419 पॉइंट दिले आपण. मॅचला जवळजवळ 35. आणि शेवटच्या आठ मॅच घेतल्या तर 42 च्या वर. त्या आठपैकी एकाही मॅचमध्ये समोरच्याला 34 च्या खाली ठेवता आलं नाही. 6 विजय, 0 पराभव इथून 7-5 वर आलो आपण, आणि सहावी मॅचसुद्धा अ‍ॅरिझोनाविरुद्ध तीन ओव्हरटाइम खेळून 43-41 अशी कशीबशी काढलेली. कॅलला 50-49 हरवलं तेही त्यांनी शेवटच्या मिनिटाला एका पॉइंटच्या किकने बरोबरी न करता दोन पॉइंटचा डाव खेळला आणि तो फसला म्हणून.

वॉशिंग्टनची मॅच, 4 नोव्हेंबर, मी, नवरा आणि आमचा अकरा वर्षांचा मुलगा, तिघेही होतो. मेट्रोने एक्स्पो पार्कला उतरलो, बाहेर ते बेकन गुंडाळलेल्या हॉटडॉगवाल्यांच्या शेगड्यांचा धूर, आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणलेली, अगदी जत्रेसारखं वातावरण. आणि मग मॅच सुरू झाली. त्यांच्या डिलन जॉन्सनने त्या दिवशी 256 यार्ड पळून काढले आणि चार टचडाउन केले, म्हणजे चारदा बॉल टोकापर्यंत नेला. एक धाव माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. बॉल त्याच्या हातात गेला, आपली पहिली फळी, लाइन, सगळी एका बाजूला तिरकी धावली, दुसऱ्या बाजूला दार उघडं पडलं, तिच्या मागच्या लाइनबॅकरला त्या दारात उभं राहायला हवं होतं पण तो लाइनच्या मागे मागे गेला, मग आला सगळ्यात मागचा राखणदार, सेफ्टी, एकटा, धावत, आणि त्याने काय केलं तर लांबून हात टाकला. नुसता हात. जॉन्सनने मांडी पुढे काढली आणि गेला. माझ्या शेजारी मुलगा उभा होता, तो म्हणाला, "आई, त्याने खांदा का नाही लावला?"

अकरा वर्षांच्या मुलाला दिसतं ते, कोच. कारण मी त्याला अंगणात शिकवलंय, जसं आमच्या पीटीच्या सरांनी आम्हाला शिकवलं होतं. सर म्हणायचे, चढाईवाल्याच्या डोळ्यांत बघू नका, डोळे खोटं बोलतात, हात पण खोटं बोलतात, कंबर बघा, कंबर जिकडे जाईल तिकडेच माणूस जाणार. आणि एकट्याने झेप टाकायची नाही, साखळी सोडायची नाही, कोपऱ्याने घोटा धरला की बाकीच्यांनी त्याच क्षणी वर पडायचं, नाहीतर गडी निसटून मधल्या रेषेला हात लावतो आणि आपलेच दोन बाद होतात. आम्ही रोज संध्याकाळी मातीत तासभर नुसती पकड करायचो, डाव खेळायचोच नाही, पकड, फक्त पकड. गुडघे सोलवटलेले असायचे. कंटाळा यायचा. पण मॅचच्या दिवशी डोकं विचार करायच्या आधी अंग हलायचं.

त्या रात्री मॅच 52-42 अशी गेली. 42 पॉइंट करूनही हरलो. आपला बॉल फेकणारा, क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स स्टँडच्या कठड्यावरून आईकडे गेला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. लोक त्यावर काय काय बोलले. मला मात्र त्या आईचा चेहरा आठवतो. गेल्या वर्षी हाइझमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी, जिंकलेला पोरगा, एवढं सगळं करतोय, आणि त्याने कितीही केलं तरी कमीच पडतंय, हे एका आईला कसं वाटत असेल ते मला कळतं. नवीन डीसी निवडताना त्या पोराचं ते रडणं आठवा, एवढंच म्हणेन.

आता ग्रिंच यांच्याबद्दल. त्यांच्यावर लोक नको ते बोलले, मला ते आवडलं नाही. पराभवानंतर प्रत्येक वेळी समोर येऊन जबाबदारी घेतली त्यांनी. 2022 मध्ये त्यांच्या डिफेन्सने भरपूर टर्नओव्हर काढले, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावला, तुली तुइपुलोटूने देशात सगळ्यात जास्त, 13.5 सॅक केले, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडलं, आपण 11 मॅच जिंकलो. पण खरं सांगायचं तर दुखणं तेव्हाच दिसत होतं. टर्नओव्हर हा आधार नाही हो कोच, तो पाऊस आहे, पडला तर पीक येतं, नाही पडला तर काय करणार? विहीर पाहिजे ना. ज्या दिवशी बॉल हिसकावता आला नाही त्या दिवशी आपल्याकडे काहीच नव्हतं. लास वेगासला कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या गटाच्या, फायनलमध्ये युटाने 47 मारले, देशाच्या विजेतेपदाचं प्लेऑफ एका विजयावर होतं. मग 2 जानेवारीला सीझनअखेरची मोठी मॅच, कॉटन बोल, साडेचार मिनिटं राहिलेली, आपण 45-30 ने पुढे, आणि टुलेनकडून 46-45 हरलो. टायजे स्पीअर्स 205 यार्ड पळाला त्या दिवशी. म्हणजे गेल्या जानेवारीत स्पीअर्स, या नोव्हेंबरात जॉन्सन, फक्त नाव बदललं, पळायच्या वाटा त्याच. दुरुस्तीला मधे अख्खं वर्ष होतं.

आणि इथेच मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. तुमचा मान ठेवून बोलते. 2018 ची रोझ बोल आठवा, तुम्ही ओक्लाहोमाला होतात, 48 पॉइंट केलेत आणि जॉर्जियाने 54 केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेक्सासकडून 48-45 हरलात आणि सीझनच्या मध्यात माइक स्टूप्स यांना काढलंत. मग ग्रिंच आले, त्यांना तुम्ही सोबत इथे आणलंत, आणि पाच वर्षांनी पुन्हा तसंच, सीझनच्या मध्यात डीसी गेला. स्टूप्स आणि ग्रिंच ही दोन वेगळी माणसं, त्यांच्या पद्धती वेगळ्या, शाळा वेगळ्या, गाव वेगळं, पण दुखणं एकच. मग नुसतं माणूस बदलून कसं चालेल? घरात एकामागून एक दोन सुना नांदल्या नाहीत तर शहाणा माणूस तिसरी शोधायच्या आधी आपल्या घराची रीत तपासतो.

रीत म्हणजे काय तर प्रॅक्टिस. मी कोच नाही, पण पंधरा वर्षं बघतेय आणि एवढं नक्की कळतं की आपला डिफेन्स आठवडाभर ज्या ऑफेन्ससमोर सराव करतो तो तुमचा ऑफेन्स आहे, पसरून उभा राहणारा, भराभर खेळणारा, बॉल हवेत ठेवणारा. त्याच्यासमोर सराव करून आपल्या मुलांच्या अंगावर दोन टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाचे दणकट गडी, घेऊन सरळ छातीवर येणारा गडी कधी येतच नाही. तो थेट शनिवारी भेटतो. आणि सीझनमध्ये आठवड्याला 20 तासच मिळतात, त्यात मीटिंग, फिल्म, सगळं आलं. त्या 20 तासांतले किती अंगाला अंग भिडवून टॅकल शिकवण्यात जातात? हे ठरवणं डीसीच्या हातात नसतं. ते तुमच्या हातात असतं. नवीन माणूस आला आणि म्हणाला, कोच, मंगळवारी आणि बुधवारी मला अर्धा तास पहिल्या फळीच्या ऑफेन्सविरुद्ध खरी धक्काबुक्की पाहिजे, तुमच्या स्टार मुलांना थोडं खरचटलं तरी चालवून घ्या, तर तुम्ही हो म्हणाल का? या एका प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःशी ठरवा, मग फोन करा लोकांना.

दुसरं, वजन. गेल्या दोन वर्षांत आपली लाइन वेगावर उभी केली, स्नॅप झाला, म्हणजे बॉल खेळात आला, की तिरकं धावायचं, समोरच्याला गोंधळवायचं. चाललं की छान दिसतं. नाही चाललं की वॉशिंग्टन होतं. पुढच्या वर्षी आपण बिग टेन या कॉन्फरन्समध्ये जातोय. शेड्यूल आलंय, मी फ्रिजवर लावलंय. आधी लास वेगासला एलएसयू, मग मिशिगन त्यांच्या घरी, मग विस्कॉन्सिन, मिनेसोटा, पेन स्टेट, एकामागून एक. ही माणसं बॉल फेकायच्या आधी तुमच्या छातीवर हात ठेवून बघतात, ढकलला जातो का हा. विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे तर ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे. तिथे हलके गडी घेऊन गेलो तर चौथ्या क्वार्टरला आपल्या गड्यांचे पाय राहणार नाहीत. बेअर अलेक्झांडर जॉर्जियाहून आला, चांगलं झालं, पण एक अलेक्झांडर पुरत नाही, तसे चार लागतात, आणि ते कोण हवेत हे निवडायचा हक्क नवीन डीसीला पहिल्या दिवसापासून द्या. 4 डिसेंबरला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मुलं घ्यायची खिडकी, उघडतंय आणि 20 डिसेंबरला नवीन मुलांच्या सह्या. म्हणजे हातात फार दिवस नाहीत. माणूस जानेवारीत आला तर तो दुसऱ्याने भरलेल्या बाजारातून आणलेल्या भाजीवर स्वयंपाक करणार, आणि मग पुन्हा सगळा दोष त्याचाच.

आता कोण. ओळखीतला नको. हे मी हात जोडून सांगते. तुमच्या जुन्या टीममधला, जुन्या मित्राचा मित्र, एकत्र काम केलेला, मनमोकळं बोलता येतं असा, तो नको. मी 3 नोव्हेंबर 2012 ची ऑरेगनची मॅचसुद्धा बघितलीये, 62-51, केन्जॉन बार्नर एकटा 321 यार्ड पळाला. तेव्हा डीसी होते माँटी किफिन, हेड कोच लेन किफिनचे वडील, एनएफएल या प्रोफेशनल लीगमध्ये ज्यांच्या नावाने अख्खी पद्धत ओळखली जाते एवढा मोठा माणूस. त्यांचं ज्ञान कमी नव्हतं. पण कॉलेजच्या पसरलेल्या, पळत्या ऑफेन्ससमोर ती पद्धत पुरली नाही, आणि घरचाच माणूस असला की त्याला चूक दाखवणंही जड जातं. महिन्याभरात ते पायउतार झाले. ग्रिंच यांच्या बाबतीतही गेल्या जानेवारीत ठरवायला हवं होतं ते नोव्हेंबरात ठरलं, मला वाटतं ते आपलेपणामुळेच. आपलेपणा चांगला गुण आहे, माणूस म्हणून मी त्यासाठी तुमचा आदर करते, पण त्याची किंमत या पोरांनी भरली.

मिशिगनने काय केलं बघा. 2020 ला त्यांचा सीझन 2-4 असा गेला, डीसी डॉन ब्राऊन यांना काढलं, आणि त्यांचे हेड कोच हार्बॉ यांनी एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्सकडून माइक मॅकडोनल्डला आणलं, तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस, आधी कधी डीसी नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांनी ओहायो स्टेटला हरवलं आणि बिग टेन जिंकली. तो परत रेव्हन्सकडे गेला तर त्याच तालमीतला जेसी मिंटर आणला, गाडी तशीच रुळावर. ओहायो स्टेटने मिशिगनकडून मार खाल्ल्यावर ओक्लाहोमा स्टेटच्या जिम नोल्सना आणलं, हेड कोच रायन डेचे ते जुने सहकारी नव्हते, पण डिफेन्स त्यांच्या हातात सोपवला. पहिल्या वर्षी मिशिगनने पुन्हा 45 मारले. तरी डे थांबले, घाई केली नाही, आणि आज त्यांचा डिफेन्स देशातल्या सगळ्यात कंजूष डिफेन्समध्ये मोजला जातो.

आणि आपल्याच शहरात काय झालं ते तर शनिवारी समोर बसून बघितलं. गेल्या वर्षी याच यूसीएलएला आपण 48-45 हरवलं होतं. 48 पॉइंट घेतले होते त्यांच्यावर! एका वर्षात तीच टीम 20 वर थांबवते, आपला रनिंग गेम जवळजवळ शून्यावर आणते, केलेबला श्वास घेऊ देत नाही. मधे काय बदललं? नवीन डीसी, डीआँटन लिन आला. तोही रेव्हन्समधून, तिथे सेफ्टींना शिकवायचा. मी शनिवारी तिसऱ्या क्वार्टरनंतर बॉलकडे बघणंच सोडलं आणि नुसता त्यांचा डिफेन्स बघत बसले, कबड्डीवाल्यांना ही सवय असतेच, चढाईवाला नाही, साखळी बघायची. प्रत्येक जण आपल्या दारात उभा. त्यांचा लायाटू लाटू बाहेरून आत येतोय तर त्याच्या मागची जागा भरायला कोणीतरी आधीच निघालेला. पहिला माणूस पोचला की त्याचा खांदा कमरेला, आणि दुसरा दोन पावलांवर. एकटा हात कुठेच नाही. मन दुखत होतं आणि तरी बघत राहावंसं वाटत होतं, कारण मी हे 2008 ला बघितलं होतं, याच मैदानावर, आपल्या रंगात.

शेजाऱ्याकडून माणूस कसा आणायचा, लोक काय म्हणतील, असं कोणी तुमच्या कानात सांगत असेल तर ऐकू नका. यूसीएलएचं वेस्टवूड दहा-बारा मैलांवर आहे. लिनला विचारा. त्याचं नाही जमलं तर जिम लेनहार्ड आहेत, विस्कॉन्सिनचा डिफेन्स सहा सीझन चालवलेला माणूस, बिग टेनचा चिखल न चिखल माहीत असलेला, या वर्षी इलिनॉयमध्ये नुसता अ‍ॅनालिस्ट म्हणून बसलाय. हे दोघं वयाने, स्वभावाने वेगळे असतील, पण दोघांच्या टीमकडे बघितलं की एक गोष्ट सारखी दिसते, मुलं जागा सोडत नाहीत.

इंटरव्ह्यूला कोणीही येवो, त्याला त्याची सगळ्यात चांगली मॅच दाखवायला सांगू नका, ती सगळेच आणतात. आपली युटाची मॅच लावा, 21 ऑक्टोबरची, 34-32 वाली. त्यांचा सिओने वाकी, मुळात सेफ्टी, डिफेन्सचा पोरगा, माणसं जखमी म्हणून रनिंग बॅकच्या, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याच्या, जागी उभा केला आणि त्याने आपल्याविरुद्ध दोन टचडाउन पकडले. ते दोन प्ले लावा आणि विचारा, इथे कोण चुकलं, आणि सोमवारी मैदानावर त्या मुलाला तू काय शिकवशील. नुसतं कोण चुकलं सांगणारे भरपूर मिळतील. सोमवारी काय शिकवेन, कुठे उभं करेन, किती वेळा करून घेईन, हे जो सांगेल त्याला घ्या. आणि त्या वेळी खोलीत कोहेन मॅडम तुम्हीही बसा. तुम्ही ऑगस्टमध्येच वॉशिंग्टनहून आलात, तुमच्यावर इथल्या जुन्या मैत्रीचं ओझं नाही, आणि त्याचा आत्ता फार उपयोग आहे.

एक मान्य करते, की तुमचा ऑफेन्स भरभर खेळतो म्हणून मॅचमध्ये डाव जास्त होतात आणि समोरच्यालाही बॉल जास्त वेळा मिळतो, त्यामुळे 9 पॉइंटचं 2008 आता कुणीच परत आणू शकणार नाही, खेळच बदललाय. मी 9 मागत नाहीये. मला 20-22 द्या. 42 पॉइंट केल्यावर हरायचं नाही, एवढंच द्या. आणि पुढे असताना शेवटच्या क्वार्टरला कधीकधी बॉल सावकाश खेळा, घड्याळ चालू द्या, डिफेन्सच्या मुलांना बेंचवर बसून पाणी पिऊ द्या. तेही डीसीला दिलेलं बळच आहे.

आणि त्या मुलांबद्दल शेवटचं. ही मुलं वाईट नाहीत. केलन बुलकसारखा पोरगा कुठल्याही टीमला हवा असेल. त्यांना कुणी वेळ देऊन शिकवलं तर ती शिकतील, मी कराडच्या मातीत आमच्या सरांच्या हाताखाली अशा पोरी शिकताना बघितल्यात ज्यांना पहिल्या महिन्यात नुसतं धावताही येत नव्हतं. शनिवारी मॅच संपल्यावर लोक भराभरा निघून गेले, आम्ही थांबलो, बँड वाजत होता, चौथ्या क्वार्टरला पेटवलेली मशाल अजून वर जळत होती आणि आपला एक डिफेन्सचा मुलगा बेंचवर हेल्मेट मांडीत घेऊन एकटा बसला होता, कितीतरी वेळ. माझा मुलगा कठड्याला टेकून त्याला आपल्या 'फाइट ऑन'ची दोन बोटं दाखवत राहिला. त्याने वर बघितलं नाही. मुलगा तरी हात खाली घेईना.

माझी मावसबहीण नोवायला राहते, मिशिगनची कट्टर, तिचा नवरा तर त्याहून. 21 सप्टेंबरला आम्ही अ‍ॅन आर्बरला येतोय, तिकिटांचं तिने आत्ताच बोलून ठेवलंय, त्या सगळ्या पिवळ्या गर्दीत आम्ही तिघं लाल जर्सी घालून बसणार. मुलाने त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं शेवटचं पान उलटून मागे हाताने सप्टेंबर काढलाय आणि त्यावर गोल केलाय. त्याला मी सांगितलंय की तोपर्यंत नवीन सर आलेले असतील.

फाइट ऑन,

आपली,
2008 च्या बॅचची एक माजी विद्यार्थिनी, डावा कोपरा